स्टीलचा कप्प्यांचा शाळेचा डबा: खरी कसोटी झाकणाची

तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा, त्याच्या मोठ्या कप्प्यात बसणारी सिलिकॉनच्या झाकणाची लहान वाटी आणि गरम पदार्थासाठी रुंद तोंडाचा छोटा थर्मास, असा मुलांच्या शाळेसाठीचा संच आमच्या घरी बराच काळ रोजच्या वापरात आहे. या तीन वस्तूंचे हे परीक्षण आहे. पौष्टिक आणि कचरा न करणारा डबा म्हणून अशा संचांची मोठी जाहिरात होते आणि त्यात तथ्यही आहे. मात्र विकत घेताना आपण धातूची चकाकी, कप्प्यांची संख्या आणि बाहेरचा रंग पाहतो, आणि नेमक्या याच गोष्टींवरून डब्याची योग्यता कळत नाही. मी हा संच तीन प्रश्नांवर तपासला: मूल तो कोणाच्याही मदतीशिवाय उघडू आणि पुन्हा बंद करू शकते का, सकाळी भरलेले अन्न मधल्या सुट्टीपर्यंत खाण्याजोगे राहते का, आणि खाऊन झाल्यावर शाळेच्या कचरापेटीत टाकण्यासारखे काही उरते का. तिन्ही प्रश्नांचा शोध घेताना मी प्रत्येक वेळी झाकणापाशीच येऊन पोहोचले.

आधी धातूविषयी थोडक्यात. डब्याच्या तळाशी ३०४ किंवा १८/८ असा छाप असेल, तर त्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. क्रोमियमचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि चरा पडला तरी तो आपोआप पुन्हा धरतो. त्यामुळे टोमॅटो, लिंबू किंवा दही यांसारखे आंबट पदार्थ शाळेच्या वेळेपुरते त्यात ठेवायला हरकत नसते. लोहचुंबक लावून स्टीलची पारख करण्याची सवय अनेकांना आहे, पण ती पारख निर्णायक नाही, कारण पत्रा यंत्रात दाबून वाकवला की चांगल्या ३०४ स्टीललाही कोपऱ्यांपाशी थोडे चुंबकत्व येते. या धातूला सोसत नाही ते मीठ. खारट ओला पदार्थ आठवड्याच्या सुट्टीत दप्तरातच राहिला, की तळाला बारीक टोचल्यासारखे डाग पडू शकतात, म्हणून डबा त्याच दिवशी घासला गेला पाहिजे, आणि तोही साध्या लोखंडी तारेच्या काथ्याने नव्हे, कारण त्या तारेचे कण पृष्ठभागात अडकून गंजतात आणि दोष मात्र डब्याला लागतो.

मुलांच्या हातातला डबा पडणारच. स्टील फुटत नाही, त्याला पोचे पडतात. तळाला किंवा बाजूला पडलेल्या पोच्याने काही बिघडत नाही. परंतु डबा काठावर आपटला आणि झाकण टेकते त्या कडेलाच पोचा पडला, तर तेवढ्या जागी झाकणाची रिंग नीट बसत नाही आणि डबा गळू लागतो. म्हणून पत्र्याच्या जाडीपेक्षा काठाची घडण पाहणे मी महत्त्वाचे मानते. काठ बाहेरच्या बाजूला गोल वळवलेला असेल तर तो ठोके सोसतो आणि मुलांच्या बोटांनाही लागत नाही. कापलेला पत्रा तसाच सोडलेला सरळ काठ या दोन्ही बाबतींत उणा पडतो.

आता झाकण. आमच्या डब्याच्या झाकणाला आतून सिलिकॉनची रिंग आहे आणि दोन बाजूंना स्टीलच्या कड्या आहेत. बंद डबा पाणी भरून उलटा धरला तरी थेंब गळत नाही, आणि या एका गुणामुळे तो बऱ्याच डब्यांपेक्षा वरचढ ठरतो. पण जे झाकण इतके घट्ट बसते ते उघडायलाही तितकाच जोर लागतो. माझी धाकटी मुलगी सुरुवातीला डबा पोटाशी दाबून धरायची, दोन्ही अंगठे कडीखाली घालायची आणि अंगठ्यांची नखे पांढरी होईपर्यंत जोर लावायची, तेव्हा कुठे एक बाजू सुटायची. त्यात अन्न गरम असताना झाकण लावले असेल तर अडचण दुप्पट होते: आतली वाफ थंड होऊन तिचे पाणी होते, आतल्या हवेचा दाब कमी होतो आणि बाहेरची हवा झाकण खाली दाबून ठेवते. अशा वेळी कड्या सुटल्या तरी झाकण निघत नाही. मोठ्या माणसाने सुरीच्या टोकाने रिंगेची कड किंचित उचलली की हवा आत शिरून ते सहज सुटते, पण शाळेत ती सोय नसते.

यावर उपाय आहेत. अन्न उघडे ठेवून वाफ पूर्ण जाऊ द्यावी आणि मगच झाकण लावावे, हा पहिला. काही डब्यांच्या झाकणावर मध्यभागी सिलिकॉनचे एक छोटे बटण असते, ते वर ओढले की हवा आत जाते आणि दाब सारखा होतो. असे बटण असलेला डबा मिळत असेल तर लहान मुलासाठी तोच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. अमेरिकेतील रोग नियंत्रण आणि प्रतिबंध केंद्रांची अशी शिफारस आहे की मुलांना जागेवर बसल्यानंतर जेवणासाठी निदान २० मिनिटे मिळावीत. अनेक मुलांना तेवढाही वेळ मिळत नाही, आणि त्यातली काही मिनिटे कडीशी झटण्यात गेली तर जे उरते ते अन्नच. घरी परत आलेला अर्धा डबा पाहून आपण मुलाच्या आवडीनिवडीला बोल लावतो, पण आधी एकदा त्याच्या समोर बसून त्याला तो डबा उघडायला सांगावे.

रिंगेची स्वच्छता हा या डब्याचा सर्वांत कटकटीचा भाग आहे. वरवर घासलेला डबा लखलखीत दिसतो, पण चमच्याच्या दांड्याने रिंग खाचेतून उचलली की तिच्या मागच्या बाजूला तेलकट, करड्या रंगाची एक रेघ सापडते आणि तिला एक शिळा वास येतो. ओलावा, अन्नाचे कण आणि अंधार एकत्र आले की बुरशीला आणखी काही लागत नाही. रिंग काढून धुवावी, कोरडी करावी आणि मगच परत बसवावी. हे रोज जमले नाही तरी आठवड्यातून निदान दोनदा व्हायलाच हवे. ज्या झाकणाची रिंग कायमची चिकटवलेली असते आणि निघतच नाही, ते झाकण कितीही सुबक दिसले तरी मी नाकारेन. सिलिकॉन उष्णतेला दाद देत नाही, उकळत्या पाण्याने त्याचे काही बिघडत नाही, पण ते तेल आणि वास शोषून घेते. लसूण, कांदा किंवा मसाल्याचा वास रिंगेत मुरला की दुसऱ्या दिवशीच्या फळालाही तो लागतो. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून रिंगेला तासभर लावून ठेवला आणि नंतर ती उन्हात वाळवली, तर वास बराच कमी होतो, अगदी नाहीसा मात्र होत नाही.

सिलिकॉनच्या झाकणाची लहान वाटी ही या संचातली माझी सर्वांत आवडती वस्तू आहे. आमच्या डब्याच्या कप्प्यांमधल्या भिंती झाकणापर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे डबा बाहेर गळत नसला तरी आतल्या आत दही फळात आणि फळाचा रस ब्रेडमध्ये उतरतो. ओला झालेला ब्रेड मुले खात नाहीत, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. ओला पदार्थ वाटीत बंद केला की ही अडचण संपते. वाटीचे झाकण मऊ आहे, एक कड धरून ओढले की निघते, त्यासाठी जोर लागत नाही. ते पुन्हा बसवताना चारही बाजूंनी दाबावे लागते एवढेच, आणि उरलेले दही घेऊन परत येणाऱ्या वाटीसाठी तेवढे शिकवणे मुलांना अवघड जात नाही.

आता कप्प्यांचे माप आणि पोषण यांकडे वळते, कारण पौष्टिक हा शब्द या डब्याच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो. डबा स्वतः पौष्टिक नसतो, पण कप्प्यांचे प्रमाण भरणाऱ्याच्या हाताला वळण लावते. हार्वर्ड विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने २०११ साली मांडलेल्या ताटाच्या आराखड्यात अर्धा भाग भाज्या आणि फळांचा, पाव भाग अखंड धान्यांचा आणि पाव भाग प्रथिनांचा आहे. आमच्या डब्यात एक कप्पा निम्म्या जागेचा आणि दोन कप्पे पाव पाव जागेचे आहेत, म्हणजे आराखडा तयारच आहे. मात्र सवयीने आपण मोठ्या कप्प्यात भात, पास्ता किंवा ब्रेड भरतो आणि फळाची चार कापे कोपऱ्यात ठेवतो. मोठा कप्पा भाज्या आणि फळांसाठी राखायचा, आणि दोन लहान कप्प्यांपैकी एकात धान्य, दुसऱ्यात अंडे, शिजवलेली कडधान्ये किंवा चीज, एवढा एकच नियम पाळला तर डब्याचे रूप बदलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनानुसार २ ते ५ वर्षांच्या मुलांनी दिवसाला निदान २५० ग्रॅम, ६ ते ९ वर्षांच्या मुलांनी ३५० ग्रॅम आणि १० वर्षांपुढील मुलांनी ४०० ग्रॅम भाज्या आणि फळे खावीत. एवढे सगळे एका डब्यात बसणार नाही आणि बसवूही नये, पण दिवसाच्या वाट्यातला तिसरा हिस्सा डब्यातून गेला तर उरलेले घरी पुरे करणे आवाक्यात येते.

कडधान्यांच्या शेजारी संत्र्याच्या फोडी किंवा ढोबळी मिरचीचे काप ठेवण्याला माझ्या लेखी विशेष महत्त्व आहे, कारण वनस्पतिजन्य अन्नातले लोह शरीराला सहज मिळत नाही आणि त्याच जेवणात क जीवनसत्त्व असले तर ते अधिक शोषले जाते. सफरचंदाविषयी पालकांची तक्रार असते की कापे तपकिरी पडतात आणि मुले ती परत आणतात. कापल्यावर फळातल्या एका विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, हवेशी संपर्क येतो आणि त्यामुळे हा रंग चढतो. लिंबाचा रस चोळला की त्यातले आम्ल आणि क जीवनसत्त्व ही क्रिया रोखून धरतात. आमच्याकडे याहूनही सोपी युक्ती चालते: सफरचंदाच्या फोडी करून त्या पुन्हा मूळ आकारात जुळवायच्या आणि वाटीत घट्ट बसवायच्या, म्हणजे कापलेल्या बाजूंना हवा लागतच नाही. पाच वर्षांखालील मुलांसाठी द्राक्षे उभी चिरूनच द्यावीत. अख्खे द्राक्ष घशात अडकण्याचा धोका खरा आहे आणि शाळेत जेवताना प्रत्येक मुलाकडे कोणाचे लक्ष असेलच असे नाही.

थर्मासबद्दल माझे मत संमिश्र आहे. त्याच्या दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी असते, त्यामुळे बाजूंनी उष्णता फारशी जात नाही, ती जाते मुख्यतः तोंडातून. मुलाला चमच्याने खाता यावे म्हणून तोंड रुंद ठेवावे लागते आणि तोंड जितके रुंद तितकी उष्णता अधिक निसटते. म्हणजे येथेही सगळी भिस्त झाकणावर येते. पोकळ, पातळ प्लॅस्टिकच्या झाकणापेक्षा आत उष्णतारोधक थर असलेले जाड झाकण कितीतरी अधिक काम देते. भरण्यापूर्वी थर्मासमध्ये उकळते पाणी ओतून झाकण लावून पाच ते दहा मिनिटे ठेवावे, ते ओतून टाकावे आणि लगेच वाफाळता पदार्थ काठोकाठ भरावा. अर्धा भरलेला थर्मास लवकर निवतो. सकाळच्या घाईत ही पायरी गाळली जाते आणि मग दुपारी मुलाला कोमट जेवण मिळते.

कोमट जेवण केवळ बेचव नसते, ते धोक्याचेही असते, आणि या बाबतीत डबे विकणारे फारसे काही सांगत नाहीत याची मला काळजी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये. ते ५ अंश सेल्सियसच्या खाली किंवा ६० अंशांच्या वर असावे, कारण या दोन तापमानांच्या मधल्या पट्ट्यात जिवाणू वेगाने वाढतात. भाताबाबत अधिक दक्षता हवी. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात बराच वेळ कोमट राहिला की ते रुजतात आणि त्यांतून तयार होणारे उलट्या घडवणारे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून भात द्यायचा तर तो ताजा आणि वाफाळता थर्मासमध्ये भरावा, किंवा पसरट भांड्यात पटकन निववून, फ्रिजमध्ये गार करून, बर्फाच्या पिशवीसोबत द्यावा. स्टीलचा डबा स्वतः काहीच गरम किंवा गार ठेवत नाही. उलट स्टीलमधून उष्णता सहज ये-जा करते, त्यामुळे गोठवलेली जेलची पिशवी डब्याला लागून ठेवली तर गारवा आतपर्यंत लवकर पोहोचतो. दही, अंडे, मांस, चीज यांच्यासाठी ती पिशवी आणि अस्तर असलेली थैली हवीच. अख्खे फळ, कोरडा ब्रेड, भाजलेले दाणे यांना त्यातले काही लागत नाही, आणि थैली हाताशी नसेल त्या दिवशी डबा अशाच पदार्थांचा भरावा.

कचऱ्याच्या हिशेबात या संचाने नेमके काय साधले? ॲल्युमिनियमचा कागद, पातळ प्लॅस्टिकचे वेष्टन, लहान झिप पिशव्या आणि एकेका खाण्याची पाकिटे या चार गोष्टी आमच्या घरातून जवळजवळ गेल्या. ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरले तर खनिजापासून नवे बनवण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते हे खरे, पण अन्नाने माखलेला कागदाचा बोळा पुनर्वापरापर्यंत क्वचितच पोहोचतो, आणि आंबट किंवा खारट पदार्थ त्यात गुंडाळला तर त्या धातूचा थोडा अंश अन्नात उतरतो. रसाची आणि फळांच्या गराची पिळून खायची पाकिटे याहून वाईट, कारण त्यांत प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते वेगळे करणे अवघड असते. २०१५ पर्यंत जगात तयार झालेल्या एकूण प्लॅस्टिक कचऱ्यापैकी केवळ ९ टक्क्यांच्या आसपास पुनर्वापरासाठी गेला, असा अंदाज २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला आहे. त्यामुळे वेष्टनावर बाणांचा त्रिकोण छापलेला आहे यावर समाधान मानणे मला पटत नाही. दाणे, सुकी फळे किंवा दही मोठ्या डब्यातून घेऊन छोट्या वाटीत भरणे हाच सरळ मार्ग आहे, आणि त्यासाठी वाटीचे झाकण भरवशाचे हवे.

पण वेष्टनापेक्षाही मोठा कचरा अन्नाचा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातला ६० टक्के वाटा घरांचा होता. या बाजूने पाहिले की पुन्हा बंद होणाऱ्या झाकणाचे मोल कळते. कागदात गुंडाळलेले खाणे अर्धे खाल्ले की उरलेले शाळेतच टाकले जाते. झाकणाच्या डब्यातले उरलेले अन्न मात्र घरी येते आणि काय संपले, काय तसेच राहिले हे आपल्याला दिसते. आमच्या मोठ्या मुलाच्या डब्यातून गाजराचे लांब काप रोज परत यायचे. तेच गाजर किसून लिंबू पिळून दिल्यावर कप्पा रिकामा येऊ लागला. परत आलेले शिजवलेले पदार्थ पुन्हा वापरू नयेत, ते दिवसभर उबेत राहिलेले असतात. पण पुढच्या दिवशी किती आणि काय भरायचे हे त्यांच्यावरूनच ठरवता येते. म्हणूनच मुलांना मी सांगून ठेवले आहे की उरलेले लपवून टाकायचे नाही, त्यावरून कोणी रागावणार नाही.

घरात आधीपासून चांगले प्लॅस्टिकचे डबे असतील तर ते फेकून हा संच आणणे कचरा कमी करण्याच्या हेतूशीच विसंगत ठरेल. पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे तळाशी ५ हा आकडा असलेले डबे थंड आणि कोरड्या पदार्थांसाठी खुशाल वापरावेत, त्यांच्या घटकांत बिस्फेनॉल ए, म्हणजे काही प्लॅस्टिकमधून अन्नात उतरू शकणारे रसायन, नसते. तडे गेलेले, पांढुरके पडलेले किंवा ७ हा आकडा असलेले जुने, कडक, पारदर्शक डबे मात्र अन्नासाठी वापरू नयेत. त्या आकड्याखाली अनेक प्रकारचे प्लॅस्टिक येते आणि त्यातल्या पॉलिकार्बोनेटमध्ये बिस्फेनॉल ए असू शकते. युरोपीय संघाने बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत त्याच्या वापरावर २०११ मध्येच बंदी घातली.

संचाचे वजन ही त्याची उघड उणीव आहे. डबा, वाटी, थर्मास आणि पाण्याची बाटली एकत्र आली की लहान मुलाचे दप्तर खांदा ओढते. म्हणून आम्ही डबा आणि थर्मास एकाच दिवशी देत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी मी दोन कप्प्यांचा, एकाच कडीचा उथळ डबा सुचवेन, आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलाला तीन कप्प्यांचा डबा योग्य वाटतो. घेताना मुलाला दुकानात सोबत न्यावे, झाकण त्याच्या हातून तीन-चार वेळा उघडून आणि लावून घ्यावे, डब्यात पाणी भरून तो उलटा धरून पाहावा, काठावरून बोट फिरवावे आणि रिंग नखाने सुटते का ते बघावे. शेवटी त्याच मापाची सुटी रिंग नंतर वेगळी मिळेल का, हे विचारून घ्यावे. स्टील अनेक वर्षे टिकते, पण रिंग त्याच्या कितीतरी आधी सैल पडते, आणि ती मिळत नसेल तर तो डबा घेऊ नये.